कदेल

कागदावर सही केली, न वाचता.
सव्वीस वर्षं मीच लोकांना सांगत आले,
नीट वाचा, मग सही करा, खाली तारीख घाला.
तारीख घातली तेवढी.

नेत्रावळीच्या पुढे जीप थांबली.
कुळागरात एक म्हातारा सुपाऱ्या सोलत होता.
त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हेल्मेटकडे,
आणि परत सुपारीकडे.
बरोबरच होतं त्याचं.

बाकीचे पाच जण पंचविशीतले, नाशिकचे.
काकू म्हणाले, वेटसूटची चेन मागून ओढून दिली,
ओढता ओढता म्हणाले, काकू, श्वास आत.
काळ्या रबरात मी,
पिशवीत बळंबळं कोंबलेलं पार्सल.

आमची वाटाडी सुकांती वेळीप.
माझ्या धाकटीच्या वयाची.
कमरेला कड्यांचा घोस, चालताना वाजणारा,
साऱ्या डोंगराच्या किल्ल्या
हिच्याकडेच ठेवायला दिल्यासारखा.

पहिला कडा चाळीस फूट.
वरून पाहिलं तर पाणी पडत नव्हतं,
नुसतं नाहीसं होत होतं.

तिनं कडी फिरवली, परत फिरवली,
माझ्या पट्ट्यात दोन बोटं घालून
वासराचं दावं बघावं तसं ओढून पाहिलं.
म्हणाली, "आतां फाटल्यान बस. कदेलार बसता तशें."
कदेल म्हणजे?
"खुर्ची गो, खुर्ची."

मग आधी सांगायचं नाही का, बाई.
सोलापूरच्या पोस्टात, खिडकी नंबर सातमागे,
एक पाय आखूड असलेल्या खुर्चीवर
(पायाखाली पुठ्ठा, दर दिवाळीला नवा)
दोन बाळंतपणांच्या मधली वर्षं,
एक मोडलेला हात
आणि सर्व्हर बंद पडलेले सगळे सोमवार
बसून काढलेत.
दुसरं काही येवो न येवो,
बसणं येतं.
बसले.

मागे पाठ टेकायला काही नव्हतं.
बोटाएवढ्या दोरानं माझं सगळं वजन घेतलं
आणि कुरकुरला नाही.

तळवे खडकावर. खडक बुळबुळीत, काळा.
हेल्मेटवर पाण्याचा ताशा.
आमच्याकडे नळ पाच दिवसांनी येतो,
सवयीनं मी पिंपं मोजायला लागले.
बाराव्या पिंपाला पाय सटकला,
गुडघा आपटला, तोंड थेट भिंतीशी,
आणि तिथे कपारीत एक खेकडा
नांगी वर करून बसलेला.
खिडकी बंद आहे, उद्या या.

हसू फुटलं. दोराच्या मध्यावर,
नाकातोंडात पाणी.
वरून हाक आली, "रडटा गो?"
नाही म्हटलं, ते धबधब्यानं नेलं.

पुढे दगडाचीच घसरगुंडी.
आडवं व्हायचं, हात छातीवर घ्यायचे, सोडून द्यायचं.
हात छातीवर घेतले तर सासूबाई आठवल्या,
अंगणात ठेवलेल्या.
पुरतं आठवायच्या आत खाली डोहात पोचले होते.

तिसरी उडी होती, वीस फुटांची.
ती मी मारली नाही.
खालून पाच जण मोजत राहिले, तीन, दोन, एक,
परत तीन, दोन, एक.
माझा एक काही आला नाही.

"बाजूनं वाट आहे," सुकांती म्हणाली,
बस चुकली तर दुसरी आहे, अशा आवाजात.
कारवीतून उतरलो. पोटरीला जळू लागली,
तिनं नखानं सोडवून पानावर ठेवली.
मग विचारलं, पोस्टात आरडी किती वर्षांची असते?
पाच, म्हटलं. मध्ये मोडू नकोस.
हप्ता किती, वारस कोणाला लावायचा,
सगळं सांगितलं, भिजलेल्या बुटांत पचक पचक चालत.
तिनं दोनदा विचारून घेतलं.
कड्यावर मी घेतलं होतं तसंच.

संध्याकाळी पाळोळ्याला
हे व्हरांड्यात, पेपर चेहऱ्यासमोर.
"पडलीस का कुठे?"
"बसले," म्हटलं.
त्यांनी पायानंच वेताची खुर्ची पुढे सरकवली.

मांड्यांवर पट्ट्यांचे वळ हुळहुळत होते.
कानातून अजून पाणी येत होतं, कोमट.
मी जरा उभीच राहिले.