तेरावं लेबल

पाथर्डी फाट्याला तिसऱ्या मजल्यावर
खिडकीत पांडवलेण्याचा डोंगर,
आणि पडद्यावर एक पॉवर प्रेस,
अंबडच्या शॉपमधली, शंभर टनी.
फोटोत तिचा आवाज येत नाही.

माझं काम असं :
फोटोवर नेमक्या जागी एक पारदर्शक चौकोन ओढायचा,
त्याला नाव द्यायचं,
नावाला एक वाक्य,
वाक्याला बंद करायची फुली.
मग कुठल्याशा खोलीवर, शिफ्ट सुटल्यावर,
एखादा पोरगा मोबाइलवर बोट टेकवेल
आणि फ्लायव्हील सांगेल, मी फ्लायव्हील.

बारा झाली. क्लच, ब्रेक, रॅम, डाय,
हिरवी दोन बटणं, दोन्ही हातांनी एकदमच दाबायची,
म्हणजे हात तिकडेच गुंतलेले राहतात.
लाल ठिपके मिणमिणू लागले.
मला माझंच कौतुक वाटलं.

तपासायला कंपनीनं दौलत खैरनारांना धाडलं.
गाव सटाण्याकडचं, प्रेसवर एकतीस वर्षं.
चपला जिन्यातच काढल्या,
खुर्चीच्या अगदी काठाला टेकले.
कप डाव्या हातानं उचलला.
उजव्याची दोन बोटं पेरापाशीच संपत होती.
मी पाहिलं,
मग माउस उगाच हलवला.

‘हा रॅम? आम्ही याला मामलेदार म्हणायचो.
वरून येतो, कोणाचं ऐकत नाही.’
‘आणि हा गार्ड, काका.’
‘हां. फोटोत आहे.’
एवढंच म्हणाले, आणि चहा पिऊ लागले.

मग उरलेलं बोट पुढे आलं,
डायच्या डाव्या अंगाला,
नुसत्या लोखंडावर थांबलं.
‘अन् आठे काय लिहिलं?’

मी ड्रॉइंग उघडलं. झूम केलं.
‘इथे काही नाहीये, काका.’
‘तेच तर.
काही नाही, म्हणून हात टेकतो तिथं माणूस.
पत्रा अडकला की वाकतो.
चिमटा कोण शोधणार, कार्डावर हजार पीस बाकी.
अन् एका बटणाला पाचर मारून ठेवलेली असते,
लाकडाची, एवढीशी.’
बोटांनी माप दाखवायला गेले,
हसले, दुसऱ्या हातानं दाखवलं.

ते गेल्यावर मी तेरावा चौकोन ओढला.
सॉफ्टवेअर म्हणालं, नाव आवश्यक आहे.
‘धोका’ लिहिलं, खोडलं. धोका प्रत्येक भिंतीवर असतो,
त्याला कवटीसुद्धा काढलेली असते.
‘मोकळी जागा’ लिहिलं. ते तर
गंगापूर रोडच्या प्लॉटच्या जाहिरातीसारखं झालं.
शेवटी लिहिलं, आठे.

खाली काकांचं वाक्य, जसं बोलले तसं.
बंद करायची फुली दिली नाही.
ते आपोआप मिटतं.
किती वेळानं, हे मी फोन करून विचारून घेतलं होतं :
‘एक स्ट्रोक किती सेकंदांचा, काका?’
‘सेकंद?’ ते म्हणाले,
‘पुरा एक धर.’

कोर्स सुरू होऊन आज नववा दिवस.
कंपनीची मेल आलीय, विनंतीपूर्वक :
लेबल क्रमांक तेरामध्ये त्रुटी आहे.
मजकूर वाचून होण्याआधीच मिटतो.
मुलांची तक्रार आहे की वेळच मिळत नाही.
कृपया दुरुस्त करावे.

दुपारपासून उत्तराची खिडकी उघडी आहे.
डोंगरावर ऊन उतरलंय.
मी ‘महोदय’ लिहून बसले आहे.