सभागृहाचा अर्ज

स्विंडनमधल्या चर्चमागचा हॉल. ताशी अठरा पौंड.
खुर्च्या आपणच मांडायच्या, आपणच उचलायच्या.
मी मंडळाचा सहचिटणीस, अर्ज भरायला बसलोय
पॉलीनबाईंच्या चष्म्यासमोर.

शेवटच्या पानावर धोक्यांचा तक्ता:
ओली फरशी. लोंबती वायर. उकळता चहा.
शेंगदाणे असतील का कशात?
असतील, म्हटलं, चिवड्यात.
मग तशी पाटी लावा, ठळक अक्षरांत.
माणसं मरतात हो शेंगदाण्यानं.

समारंभाचं स्वरूप? सत्कार.
कुणाचा? आमच्याकडच्या आमदारांचा.
म्हणजे निवडून आलेले?
तिसऱ्यांदा.
वा, म्हणाल्या त्या, आणि मनापासून म्हणाल्या.

काल रात्री त्यांचाही एक अर्ज वाचला,
मानपत्रासाठी जन्मतारीख हवी होती म्हणून.
शपथपत्र. कुणीही उघडावं,
काही म्हणजे काही लपवलेलं नाही.
सोनं तोळ्यांत, जमीन गटनंबरांत,
गुन्हे कलमांत.
तीनशे सात. तीनशे त्रेपन्न. तीनशे एकोणऐंशी, म्हणजे वाळू.
दोषारोप निश्चित झाले काय? नाही.
शिक्षा? लागू नाही.
एकूण अकरा ओळी
आणि एकाही ओळीत माणूस नाही.

सातव्या ओळीतला माणूस मला ठाऊक आहे.
काशिनाथ वाघचौरे, तलाठी.
चौथीत माझ्या शेजारी बसायचा,
पाटी थुंकीनं पुसायचा, मार खायचा, पुन्हा पुसायचा.
रात्री दोनला नदीत उतरला टॉर्च घेऊन
डंपरचे नंबर लिहून घ्यायला.
चौदा लिहिले.
पंधराव्याला नंबरच नव्हता.

आता कुबडी घेऊन तारखांना जातो.
सहा वर्षं. न्यायाधीश चौथे.
निकालाच्या दिवशी मी फोन केला होता,
काय बोलावं कळेना, म्हणून हवापाण्याचं बोललो.
तोच म्हणाला, मीपण त्यालाच दिलं मत.
मी गप्प.
अरे, दुसरा जो उभा होता ना,
त्याच्यावर सोळा आहेत.
मी आपलं कमी बघून दिलं.
आणि हसला, खोकला, पुन्हा हसला.
मागं कुणीतरी भांडी घासत होतं.

मला तिथं जाऊन मत देऊन बावीस वर्षं झाली.
इथं मात्र देतो, निळ्या पासपोर्टवरसुद्धा चालतं,
दोरीला बांधलेल्या शिसपेन्सिलीनं
कचऱ्याच्या डब्यांवरून भांडणाऱ्या दोघांतल्या एकाला.
बोटाला शाई लावत नाहीत.
बाहेर पडल्यावर बोट उगाच बघतो.

मानपत्र मीच लिहिलं. नेर्लेकर म्हणाले,
तुमचं मराठी अजून शाबूत आहे.
'लोकाभिमुख' लिहिलं. 'धडाडीचे' लिहिलं,
खोटं नाही तेही.
'जमिनीशी नातं' खोडलं,
मग म्हटलं असू दे, आहेच की, गटनंबरासकट.
शाल लेस्टरहून आलीय. नारळ इथल्याच दुकानातला,
शेंडी आधीच तासलेला.

शेवटचा रकाना:
कुणाला इजा होऊ शकते?
ती टाळण्यासाठी आपण काय केले आहे?
पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं.
खिडकीबाहेर मुलं फुटबॉल खेळत होती, एकाचा बूट सुटलेला.
लिहिलं: शेंगदाणे. पाटी लावू.

खाली बारीक अक्षरांत नियम होता,
सभागृह ज्या स्थितीत मिळाले
त्याच स्थितीत परत करावे.
सही केली. तारीख घातली.
पॉलीनबाईंनी कागद आपल्याकडं फिरवला:
अनामत पन्नास पौंड.
काही मोडलं तर जप्त होते, आधीच सांगते.

मला हसू आलं.
काय झालं, त्यांनी विचारलं.
काही नाही, म्हटलं, कार्ड चालेल ना?