मुका मार

इक्वादोरहून रामोन येणार म्हणून
सावद्याच्या केळीच्या पॅकहाउसवाल्यांनी
तीन महिने आधी मला स्पॅनिशला बसवलं.
पगार तोच. वही माझी.

पहिलाच शब्द ओला. म्हणजे नमस्कार.
लिहिताना आधी एक ह येतो, म्हणायचा नाही.
त्या ह ला ते मूदा म्हणतात, मुकी.
आवाज नाही, पण गाळला तर शब्द चुकतो.
मी समासात लिहिलं : लीलाधर.

लीलाधर माझा धाकटा भाऊ.
गल्लीत मुक्या, शाळेत ठोंब्या,
जळगावच्या दाखल्यावर मूकबधिर, शंभर टक्के.
एवढे टक्के आमच्या घरात कुणालाच पडले नव्हते.
माय म्हणायची,
मुका काहून म्हनता माह्या पोराले?
मुका तं मी घेते त्याचा.

ऐकू न येणारा सोर्दो.
न बोलणारा मूदो.
दोन्ही जोडून एक शब्द वहीत आला होता, सोर्दोमूदो.
बाईंनी तो खोडायला लावला :
ऐकू येत नाही म्हणून माणूस मुका नसतो.
मी खोडला.
दाखल्यावरचा कसा खोडू?

मग एका रात्री हे सापडलं :
आतल्या आत ठणकत राहतं
त्याला ते दोलोर सोर्दो म्हणतात. बहिरं दुखणं.
आपल्याकडे मार मुका.
तिकडे दुखणं ऐकत नाही, इकडे मार बोलत नाही
असं काहीतरी लिहीत होते,
आणि भाऊंचा पट्टा आठवला.
हाक मारली तरी बघत नाही म्हणून.
दाखला यायच्या आधीची चार वर्षं.
वही मिटली.

रामोन आला एप्रिलात, त्रेचाळीस अंशांत.
टाकीपाशी लीलाधर घडाच्या फण्या कापत होता.
रामोनने मागून हाक मारली. पुन्हा मारली.
मी वाक्य जुळवत होते, क्रियापद सापडेना,
तोवर रामोन वळसा घालून समोर गेला,
अंगठा-तर्जनीत अंतर धरून दाखवलं :
दांडा एवढाच ठेव.
लीलाधरने त्याची बोटं धरून थोडी फाकवली.
नाही. एवढा.
दहा मिनिटं भांडले दोघं. मधे एकदा हसले.
मला कुणी काही विचारलं नाही.

जाताना रामोन फणी उचलून म्हणाला, मानो.
वहीत पाहिलं. मानो, हात.
फणीलाही हातच म्हणतात ते.

हे सांगायला लीलाधरकडे धावले
तर त्याने चिकाने काळे पडलेले दोन्ही पंजे वर केले,
नळाकडे मान केली.
थांब.
हात धुतल्याशिवाय तो बोलत नाही.