पुढच्या वर्षी, याच वेळी

लष्करात, शिंद्यांच्या छावणीपासून दालबाजारापर्यंत
माझ्या वाट्याला बावीस घरं.
एका फॉर्मचे पंचाहत्तर. रिक्षा आपली, पाणी आपलं.

प्रश्न सोपे आहेत.
गेल्या वर्षीपेक्षा घरखर्च
वाढला, तेवढाच, कमी झाला.
पुढच्या वर्षी, याच वेळी
वाढेल, तेवढाच, कमी होईल.
तीन गोल. एकात टिचकी.

‘वाढला’ हे लोक लगेच सांगतात,
तेल, दूध, पोराची कोचिंग,
बोटं मोडत सांगतात,
जणू मीच भाव वाढवून त्यांच्या दारात आलेय.
पण ‘पुढच्या वर्षी’ म्हटलं
की माणूस आधी कुठेतरी बघतो.
कुणी फ्रिजकडे.
कुणी, देव्हाऱ्याकडे नाही, विजेच्या मीटरकडे.
जिवाजीगंजात एकानं
स्वतःच्या दाढांवरून जीभ फिरवली.
याला गोल नाही.

फाळके टेम्पोवाले म्हणाले, कमी होईल!
आणि टाळी मागितली.
मार्चमध्ये शेवटचा हप्ता.
मला गजक दिली, अख्खी पुडी.

दोन दारं सोडून राजवाडेबाई.
त्याही म्हणाल्या, कमी होईल.
आतल्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं.
मी पुढचा प्रश्न वाचायला लागले
तर म्हणाल्या, जरा हळू,
त्यांना ऐकू जातं.

तोच गोल. तशीच टिचकी.

दिवस मावळताना शेवटचं घर झालं.
नाकाचा शेंडा गार, मफलर घरी राहिलेला.
कोपऱ्यापर्यंत पोचले नाही
तोच वरून गॅलरीतून कुमुद सरनोबत ओरडली,
‘ओ ताई! माझं ते तेवढाच खोडा हो,
वाढेल करा!’
कणकेचे हात, कठड्यावर अर्धी वाकलेली, हसत.
का, ते सांगितलं नाही.
सात मिनिटांत काय झालं असेल घरात?
फोन आला असेल. किंवा कुणी नुसतं कानात बोललं असेल.

फॉर्म तेव्हा गेला होता,
आधी भोपाळ, मग पुढे कुठं तरी
जिथं सगळ्यांची मिळून टक्केवारी होते.
गेलेला फॉर्म उघडत नाही.
मी मान वर करून म्हटलं, केलं.

दालबाजारात तूरडाळीचा भाव विचारला.
विचारायचा म्हणून. माहीत होता.
‘अर्धा ना?’ दुकानदारानं नेहमीसारखं माप उचललं.
मी मागे वळून बघितलं.
इथून ती गॅलरी दिसत नाही.

सव्वा किलो, म्हटलं.