माय हार

हिद्दच्या कारखान्यात समुद्राचं पाणी गोड करतात
आणि मी त्याची परीक्षा घेते.
क्षार, क्लोरीन, तापमान;
दर दोन तासांनी वहीत तीन आकडे, खाली सही.
अख्खं मुहर्रक माझ्या सहीचं पाणी पितं
असं मी आईला फोनवर सांगते,
थोडं वाढवून.

पावाला मात्र मी घाबरायचे.

भाकरीला नाही. भाकरी डोळ्यांसमोर असते.
थापली, टाकली, पाणी फिरवलं, उलटली,
फुगली तर फुगली.
दोन मिनिटांत निकाल.
पाव म्हणे आपण पाठ फिरवल्यावर वाढतो.
ओल्या फडक्याखाली झाकायचा
आणि भरवसा ठेवून दुसऱ्या खोलीत जायचं.
ते दुसऱ्या खोलीत जाणंच मला जमेना.

पहिल्या पावाने मुकुंदभावजींनी टेबलावर ठोठावलं.
"कोण आहे?" मीच विचारलं,
बाकीचे हसायच्या आत हसून घेतलं.
दुसरा जिन्याखालच्या मांजरीने हुंगला
आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
तिसरा कुणाला दाखवला नाही.
कागदात गुंडाळून रात्री कचरापेटीत टाकला,
धप्प आवाज झाला तेव्हा
चोरासारखं आजूबाजूला पाहिलं.

मग सात वर्षं ओव्हनमध्ये कढया ठेवल्या.

या ऑगस्टात गल्लीतल्या अब्दुलरसूलचं हर्नियाचं ऑपरेशन झालं.
तन्नूरमध्ये वाकायचं नाही, डॉक्टरने बजावलेलं.
तो बंद दुकानासमोर खुर्ची टाकून बसायचा,
आणि गल्ली सुपरमार्केटचा पाव खायची, ओशाळून.
त्या आठवड्यात का कोण जाणे
मी पुन्हा कणीक भिजवली.
तासाभराने फडकं उचललं तर होती तशीच,
थंड, रुसलेली.
परात तशीच उचलून त्याच्याकडे नेली,
तापातलं पोर न्यावं तशी.

त्याने एक बोट रुतवलं.
"मर गया," म्हणाला.
"केव्हा?" मी विचारलं.
वेडा प्रश्न, पण त्याने नीट ऐकून घेतला.
पाणी कुठलं? नळाचं.
कुठल्या नळाचं? गारच्या.
तेव्हा तो टाके धरून हसला आणि म्हणाला,
"माय हार."

मी उभीच.
माझ्या भाषेत माय म्हणजे आई,
आणि हार एक तर गळ्यात घालायचा, नाही तर पत्करायची.
यातलं काय सांगतोय हा मला?
त्याने हवेतला नळ सोडला,
हात पुढे केला
आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

गच्चीवरची टाकी. ऑगस्ट.
इथे उन्हाळ्यात निळा नळ खोटं बोलतो,
हे कालचं आलेलं पोरही जाणतं.
आंघोळीला आपण गीझर बंद करून
लाल नळाचंच पाणी घेतो, दरवर्षी.
घरी आले, पिशवीतला थर्मामीटर नळाखाली धरला:
त्रेपन्न.
वीजबिलाच्या पाठीवर आकडा लिहिला,
सवयीने सहीही केली.
आठवून पाहिलं, तिन्ही पाव उन्हाळ्यातले.
आणि मी समजत होते
माझ्या हातालाच यश नाही.

या खेपेस माठातलं पाणी.
यीस्टवर फेस आला, बारीक, कुजबुजल्यासारखा.
फडकं टाकलं.
दुसऱ्या खोलीत जाऊन
दोन युनिफॉर्म इस्त्री केले, एक उलटाच.

पाव एका अंगाला कलला, डावीकडे करपला,
पण ठोठावलं तर आतून पोकळ, बरा आवाज आला.
पहिला घास घेतला आणि कळलं,
मीठ विसरले.
मी! जिचा पगार
पाण्यातलं मीठ मोजायचा.

अब्दुलरसूलने अर्धा पाव चहात बुडवून संपवला.
मिठाबद्दल अवाक्षर नाही.
मिशीवरचा चुरा झटकत म्हणाला, "बाचर."
हा शब्द मला येतो. उद्या.

कढया अजून जमिनीवरच आहेत.
कुठे ठेवाव्यात, सुचत नाही.