दिवे लपवू नका

तीस वर्षं मी दिवे लपवले.
विंगेत, झालरीमागे, पुठ्ठ्याच्या तुळशीवृंदावनात.
नायिका मरायला लागली की निळा,
डिमरवर दोन बोटं ठेवून, हळू,
झोपल्या लेकरावर पांघरूण सरकवावं तसा.
लोक रडायचे.
मी अंधारातून रडणारी डोकी मोजायचो.

मग एका मे महिन्यात, गोळीबार चौकाजवळच्या शाळेत,
कूलरच्या घरघरीवर आवाज चढवत
रेणुका गजभिये म्हणाली,
हेडाऊकाका, दिवे लपवू नका.
समोर टांगा. वायरी दिसू द्या, तुम्ही दिसा.
आणि उजेड पांढरा. फक्त पांढरा.

मी म्हटलं, काहून बाप्पा,
लाइट बिघडला समजतीन लोकं.

ती म्हणाली, एक जर्मन होता.
त्याला देशातून पळावं लागलं,
नाटकं त्याच्या मागोमाग जगभर गेली.
त्याला वाटायचं, कुस्ती पाहणारा जसा पाहतो,
हिशेब करत, ओरडत, जागा,
तसं माणसानं नाटक पाहावं.

तिनं मोबाइलवर त्याच्या नाटकातलं एक गाणं लावलं.
तिरपी चाल. वरातीनंतर दमलेला बँड
घरी जाताना वाजवत राहावा तशी.
चिंधूजी परात्यांनी तीनदा ऐकलं,
पेटीवर काळी दोन धरली
आणि म्हणाले, हे तं आमचंच आहे.
खडी गंमतीत मिशीवाला नाच्या पदर घेऊन म्हणे, मी राणी.
कोणाले खरं वाटे नाही, खोटंही वाटे नाही.
तुह्या जर्मनाले कोणं सांगतलं?

रेणुका हसली नाही.
म्हणाली, तिथं लोक हसून घरी गेले, काका.
हा विचारतो, हसलात कशाला?

चिंधूजींनी पेटी मिटली. चहा होईपर्यंत उघडली नाही.

प्रयोगाला एक पोरगी पाटी घेऊन यायची:
पुढच्या प्रवेशात विणकर गिरणीच्या कागदावर सही करेल.
मी विचारलं होतं, आधीच सांगितलं तर
पाहायचं काय उरलं?
कशी करतो, ते.

तर त्यानं सही केली.
पांढऱ्या उजेडात, बॉलपेननं, एका दमात.
कोणी रडलं नाही.
पत्रिकेचे पंखे हलत होते
आणि तिसऱ्या रांगेतून एक बाई उभी राहिली.
"त्यानं कागद वाचला काहून नाही?"

नटाला पुढचं वाक्य आठवेना.
चिंधूजींनी एक सूर धरला, सोडून दिला.
माझी बोटं सवयीनं निळ्याकडे गेली.
एवढंसं निळं ओतलं असतं
तर ती बसली असती, प्रवेश सरकला असता.

मी हॉलचे दिवे लावले.
सगळे. मागच्या पॅसेजचासुद्धा.
अडीचशे घामेजली माणसं
एकमेकांकडे पाहायला लागली,
आणि काही माझ्याकडे,
कारण मी दिसत होतो.

ती बाई माझी बायको.
कागद दोन हजार दोनचा.
सही माझी.

गिरणीच्या जागेवर आता काय काय झालंय.
रेणुका पुण्याला गेली,
तिथं कुणाला तरी दिवे लपवू नका सांगत असेल.
निळा जिलेटिन मी पेटीत घडी करून ठेवलाय.

बायको अजून विचारते.
भाकरी थापताना, मान वर न करता.
आमच्या घरात एकच ट्यूबलाइट आहे, पांढरी.
डिमर नाही.