पात्रात राहणे, दहापैकी

देवगड बंदरावर, बर्फाच्या कारखान्यावरचा हॉल.
खाली लाद्या फुटतात, वर फरशी थरथरते,
आणि वीस बाजूंचा फासा टेबलावर पडला
की थांबण्याआधी आणखी एकदा कुशीवर वळतो.
(यावर तक्रार आली होती. मी फेटाळली.)

तीस वर्षं कस्टममध्ये काढली,
खोटं बोलणाऱ्यांची तोंडं वाचत पेन्शनीत निघालो,
म्हणून कुवळेकराने मला बोलावलं.
"काका, पोरं सोंग घेऊन भांडतात.
तुम्ही फक्त बघायचं, सोंगातून बाहेर कोण पडतो."

तक्त्यात रकाने चार.
मुद्दे. भाषा. समोरच्याचं ऐकणं.
चौथा, पात्रात राहणे.

उपांत्य फेरी. नसलेल्या एका बेटाचा दरबार.
खाडीच्या तोंडाशी नाग येऊन पडलाय,
बंदर बंद करायचं की नाही?
शार्दूल मिठबावकर प्रधान. म्हणाला, करा बंद.
सहा कारणं दिली, एकाला एक लागून,
मापात कापलेल्या लाद्यांसारखी.

समोर रुमाना मुकादम, वय सतरा, कॉलेजची बॅग मांडीवर,
म्हातारा तांडेल. कानाने अधू,
तसं तिच्या कागदावरच लिहिलेलं.
तिने तळवा कानामागे नेला.
"काय म्हणतंस? मोठ्यान सांग."

दुसऱ्यांदा सांगताना कारणं चार उरली.
"काय?"
तिसऱ्यांदा तो ओरडला, आणि एकच उरलं:
"भीती वाटते!"
प्रधानाला की शार्दूलला, कळलं नाही.
खालची मशीनसुद्धा नेमकी तेव्हाच थांबली होती.

तांडेल बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला.
"वाटताच रे. माका पण वाटता.
पण जाळी भायर टाकलेली आसत."

आता सांगा, बहिऱ्याला ऐकण्याचे गुण किती?
मी शून्य लिहिलं. खोडलं.
दहा लिहिले. खोडले.
रबराने त्या घरात कागद फाटला,
पलीकडून माझीच पँट दिसायला लागली.
शेवटी बाजूला साडेनऊ लिहून सही केली.
कुवळेकर म्हणाला, अर्धा कुठे गेला?
म्हटलं, कस्टम.

संध्याकाळी जिन्यात ती भेटली.
खाली बर्फ फुटत होता, गाड्या भरत होत्या.
विचारलं, घरी कशी जाणार?
तिने तळवा कानामागे नेला.

"काय?"

मशीन चालू होती, हे खरं.
पण तक्ता तर मी कधीच देऊन बसलो होतो.